डावरीची मुंगी

४ जानेवारी

ताई,

नमुना पोचला. पाकीट उघडायच्या आधी मी साबणाने हात धुतले. हे आधीच सांगते, नाहीतर पुढच्या पत्रात तू विचारशीलच. वीतभर मलमल, पांढऱ्यावर पांढरं भरतकाम. लेकीने ती मनगटाभोवती गुंडाळून आरशासमोर जी काही नाटकं केली, ती बघायला तू हवी होतीस. "मावशीच्या हातचं आहे म्हणजे नवऱ्यापेक्षा जास्त टिकेल," म्हणाली. एकवीस वर्षांची घोडी झाली तरी जिभेला हाड नाही.

लग्न मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. झगा मीच शिवतेय. गळा, दोन्ही बाह्या आणि खालचा घेर धरून चार मीटर पट्टी लागेल. एकेक मीटर करून पाठवत जा, म्हणजे मी इकडे लावत जाईन. नक्षीच्या छापाची नीळ मात्र तिकडेच धुऊन, इस्त्री करून पाठव. माझ्या दुकानात इस्त्रीला मी हात लावत नाही, ते काम यांचं, हे तुला माहीत आहे.

आता एक विचारू? हा नमुना तू केलेला नाहीस ना? पाकळ्यांवरच्या गाठी डावीकडे झुकलेल्या आहेत. तुझी गाठ उजवीकडे झुकते, माझीही. आपल्या घरात डावीकडे झुकणारी गाठ एकाच हाताची होती, आणि तिला जाऊन सत्तावीस वर्षं झाली. आपल्या मधलीचे, डावरीचे, जुने तुकडे कुठल्या पेटीत सापडले का तुला? सापडले असतील तर सांग, मी रागावणार नाही. बघून नमुना दोनदा खाली ठेवला, एवढंच.

आणि तुझा फोन चार महिने बंद का आहे?

तुझी,
भिंगरी


१२ जानेवारी

भिंगरे,

फोन बिघडलाय. दुरुस्त करून काय करायचंय? तू फोनवर अर्धा वेळ "ऐकू येतंय का" आणि अर्धा वेळ "बरं ठेवते" म्हणतेस. पत्रात निदान मधलं बोलणं तरी येतं.

डावरीचे तुकडे इथे नाहीत. ती गेली त्या महिन्यात मी पेटी रिकामी केली आणि त्यातलं एक सूतही ठेवलं नाही. पट्टी मी केली आहे. डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत, चष्म्याचा नंबर बदलला, म्हणून गाठी इकडच्या तिकडे पडल्या असतील. अक्षरही बघ कसं कोंबडीचे पाय उमटल्यासारखं आलंय. उगाच नाही ते उकरून काढू नकोस. लेकीचं लग्न आहे, तिच्याकडे बघ.

पहिला मीटर सोबत पाठवते आहे. नीळ दोन पाण्यांतून काढली आहे. वेल छान बसली आहे, असं खालची लाँड्रीवाली म्हणते. ती म्हणते म्हणजे काही खरं नव्हे, तिला उशीचा अभ्राही छानच दिसतो.

लेकीला म्हणावं, मावशीला नवऱ्याचा अनुभव नाही, पट्टीचा आहे.

ताई


२१ जानेवारी

ताई,

तू मला अजून पंधरा वर्षांचीच समजतेस. चष्म्याचा नंबर बदलला की टाका वाकडा पडतो, मान्य. पण तो एकदा इकडे पडेल, एकदा तिकडे. या मीटरभर पट्टीत मी एकशे चाळीस गाठी मोजल्या, आणि एकशे चाळीसच्या एकशे चाळीस डावीकडे झुकलेल्या आहेत. त्याला नजर कमी होणं म्हणत नाहीत, त्याला वळण म्हणतात. डावरी तुझ्यासमोर बसून शिकली. तुझा उजवा हात आणि तिचा डावा, आरशात पाहिल्यासारखं. मी तुम्हा दोघींच्या मध्ये बसून रिळं गुंडाळायची. हे वळण मी झोपेतही ओळखेन.

आणखी एक आहे. पट्टी खिडकीशी धरून उलटी केली, तर शेवटच्या फुलाच्या मागे मला काहीतरी दिसलं. काय ते मी लिहीत नाही. ते फक्त डावरीला आणि मला ठाऊक होतं. तुला कधी कळलं असेल असं वाटत नाही, आणि कळलं असेल तर तू माझी फार क्रूर थट्टा करते आहेस.

पट्टी मी कपाटात ठेवली आहे. झग्याला लावायला हात धजावत नाही. लेक रोज विचारते, "लावलीस का?" मी सांगते, दोरा मिळत नाहीये. पांढरा दोरा मिळत नाही! शिवणाचं दुकान चालवणारी बाई मी. तीही खुळ्यासारखी विश्वास ठेवते.

ताई, तुझ्याकडे कोण काम करतंय? माझी शपथ आहे तुला.

भिंगरी


२ फेब्रुवारी

भिंगरे,

शपथ घालायची गरज नव्हती. पण घातलीस, तर आता ऐक आणि अर्ध्यावर रडत बसू नकोस.

सप्टेंबरात मला अर्धांगाचा झटका आला. सकाळी सुई ओवत होते, आणि दोरा सुईत जाईना. पाचव्यांदा नाही गेला तेव्हा मी खाली बघितलं, तर सुई हातात नव्हतीच, कधीच पडली होती, आणि माझी बोटं नुसती हवेत चिमूट धरून बसली होती. लाँड्रीवालीने दवाखान्यात नेलं. पाय सुधारला. जीभ महिनाभर जड होती, अजूनही अडखळते, म्हणून फोन बंद ठेवला. तू माझा एक शब्द ऐकला असतास तर तुला कळलं असतं. उजवा हात मात्र गेला तो गेलाच. मांडीवर ठेवला की तिथेच राहतो.

सांगितलं असतं तर तू ट्रंक घेऊन आली असतीस, कामाच्या खोलीला कुलूप लावलं असतंस आणि मला तुझ्या माजघरात खुर्चीत नेऊन बसवलं असतंस. तुझं प्रेम मला माहीत आहे, आणि मला त्याचीच धास्ती वाटते. भाचीच्या लग्नाची पट्टी दुसऱ्या कुणी करावी, हे तर मला मेल्यावरही चाललं नसतं.

म्हणून डावा हात. लाँड्रीवाली भरतकामाची रिंग धरते, मी टाके घालते. हे पत्रही त्याच हाताचं. वाटलं होतं, समोर आरसा ठेवून शिकावं लागेल. आरसा आणलासुद्धा. तो अजून भिंतीला टेकून उभा आहे, कारण लागलाच नाही.

आता जे लिहिते ते कुणाला दाखवू नकोस. नाहीतर डोक्यावरही परिणाम झालाय म्हणतील. उजव्या हाताला गाठीचा टाका यायला मला तीन वर्षं लागली होती. डाव्याला आठ दिवस लागले. मी कुठे टोचायचं ठरवायच्या आत तो टोचून मोकळा होतो. पान भरताना मी दोरा दुहेरी घेते, तर हा एकेरी घेतो. डावरी एकेरी घ्यायची आणि मी तिला त्यावरून बोलायची, आठवतं? हात माझाच आहे, मनगटावर माझाच भाजल्याचा डाग आहे. पण काम चालू असताना त्याच्याकडे बघितलं की मला परक्याच्या घरात शिरल्यासारखं वाटतं. मग मी खिडकीबाहेर बघते आणि त्याला त्याचं काम करू देते.

मागच्या बाजूला तू काय बघितलंस, मला माहीत नाही. मी उलटी बाजू बघतच नाही. उलट्या बाजूच्या गाठी मला आता दिसत नाहीत, आणि दिसल्या तरी एका हाताने कापायच्या कशा?

दुसरा मीटर सोबत आहे.

ताई


११ फेब्रुवारी

ताई,

तू सांगितलंस तरी रडले. यांनी विचारलं, काय झालं, तर तुझं पत्र पुढे केलं. त्यांना ते अक्षर लागेना, म्हणून मीच मोठ्याने वाचून दाखवलं आणि परत रडले. बाई, तू आहेस तरी काय! पाच महिने एकटी? मी ट्रंक आणणार नाही. पण लग्न झालं की येणार आहे, आणि तू दार उघडलं नाहीस तर लाँड्रीवालीकडे राहीन.

आता माझी पाळी. सत्तावीस वर्षं घशात अडकलेलं आहे. तू खरं लिहिलंस, आता मला तोंड मिटून बसता येत नाही.

वकिलीणबाईंच्या सहा मीटर पट्टीवर कच्ची, नीळ धुण्याआधीची इस्त्री डावरीने फिरवली नव्हती. मी फिरवली.

तू बाजारात गेली होतीस. टाके पुरे झाले होते, नीळ धुवायची होती. मला वाटलं, आपण इस्त्री करून घडी घालून ठेवू, ताई आल्यावर शाबासकी देईल. धुण्याआधी इस्त्री लागली की नीळ जन्माची पक्की होते, हे तू मला दहा वेळा सांगितलं होतंस. पंधरा वर्षांची होते ताई, दहाही वेळा मी खिडकीबाहेर बघत होते. तू आलीस, पट्टी बघितलीस आणि विचारलंस, "कुणी केलं हे?" इस्त्री अजून गरम होती. मी तिच्याकडे पाठ करून उभी होते, पाठीला धग लागत होती. डावरीने माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. मग ती म्हणाली, "मी."

पुढचं तुला माहीत आहे. ती त्या हौदाच्या दगडावर दोन दिवस पट्टी घासत बसली, त्या थंडीत. मग ताप. नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. शेवटच्या दुपारी मी तिच्या खाटेशी जाऊन दोन बोटं पुढे केली, लहानपणी बट्टी करायचो तशी. तिने बघितलं. पण हात पांघरुणातून बाहेर आला नाही. ती माझ्याशी कट्टी असतानाच गेली.

आता तू मला काय म्हणायचं ते म्हण. काही म्हणायचं नसेल तर उत्तर पाठवू नकोस, मी समजेन.

भिंगरी


२० फेब्रुवारी

भिंगरे,

मला माहीत होतं.

ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी ती पट्टी वाळत घातलेली खाली काढली. एका ठिकाणी इस्त्री क्षणभर टेकून राहिली होती. नीळ तिथे जास्त गडद झाली होती, इस्त्रीच्या आकाराची. इस्त्रीचं टेबल भिंतीला लागून, उभं राहायला एकच बाजू. उजव्या हाताने धरलेल्या इस्त्रीचं टोक डावीकडे वळतं, डाव्या हातातल्या इस्त्रीचं उजवीकडे. डाग डावीकडे टोक करून बसला होता. डावरीने आयुष्यात कधी उजव्या हातात इस्त्री धरली नाही. मी बाजारात होते. उरलं कोण?

ती पट्टी हातात घेऊन मी किती वेळ उभी होते, देव जाणे. तुला बोलवायला तोंड उघडलं, आणि मिटलं. तुला जाब विचारायचा तर मला आधी स्वतःला विचारावा लागला असता. "डाग निघेपर्यंत उठायचं नाही," हे मी म्हणाले होते. तू नाही. पक्की झालेली नीळ निघत नाही, हे मला त्या घरात सगळ्यात चांगलं माहीत होतं. तिला शिक्षा करायची होती म्हणून बसवलं. दुसऱ्या दिवशी तिची बोटं सुजून फुटली होती. ती म्हणाली, "ताई, सुई धरता येणार नाही आता." मी म्हणाले, "घास."

तू पांघरुणाबद्दल लिहिलंस. तिचे दोन्ही हात पट्ट्यांत गुंडाळलेले होते, बाळे, पार मनगटापर्यंत. वैद्यांनी बांधले होते. दोन बोटं पुढे करायला तिला बोटं मोकळी नव्हती. तिला करायची होती की नाही, ते मी सांगू शकत नाही, आणि सांगितलं तर ते खोटं असेल. पण करता आली नसती, हे खरं.

मी तुला कधी बोलले नाही, कारण मला भीती वाटायची. तू रडत रडत कबूल करशील आणि मग विचारशील, "पण दगडावर कुणी बसवलं?" दोन बहिणींतली एक गेली होती. दुसरी मला घालवायची नव्हती.

आणि आता हात. दुपारी तीनच्या सुमाराला मागच्या त्याच दगडावर कपडा आपटल्याचा आवाज येतो. लाँड्रीवाली मशीनवर धुते, त्या दगडाला वर्षानुवर्षं कुणी शिवलेलं नाही. मी काठी टेकत जाऊन बघते. कुणी नसतं. दगड ओला असतो. नळ गळतो म्हणावं, तर तिथला नळ बंद करून किती वर्षं झाली. आवाज आला की माझा डावा हात थांबतो, आवाज थांबला की चालू होतो. मी घाबरत नाही. नाही, खोटं का लिहू, घाबरते.

तिसरा मीटर पाठवते आहे. एकच राहिला.

ताई


३ मार्च

ताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. मला तुझा राग आला, मग माझा आला, मग दोन्ही राग एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. यापलीकडे काय लिहू? आपण दोघींनी मिळून तिला दगडावर बसवलं. दोघींनी मिळून गप्प बसलो. आता निदान मिळून बोलतोय.

आता ती शेवटची गोष्ट सांगते, जी मी लिहीत नव्हते. डावरी प्रत्येक पट्टीच्या शेवटच्या फुलामागे, उलट्या बाजूला, एक मुंगी काढायची. सहा टाके आणि तीन गाठी. पांढऱ्यावर पांढरी, उजेडाला धरल्याशिवाय दिसत नाही. तुझ्या नजरेतून सुटायची कारण तू उलटी बाजू फक्त धागे कापायला बघायचीस, आणि धागे कापायचं काम मी करायचे. ते आमचं टपाल होतं. आमचं भांडण झालेलं असलं की मुंगीची फुलाकडे पाठ असायची, म्हणजे कट्टी. भांडण मिटलं की तोंड फुलाकडे, म्हणजे बट्टी. तिचा राग गेला की नाही हे मला तिच्या तोंडावरून कधी कळलं नाही, पट्टी उलटवल्यावर कळायचं.

तू पाठवलेल्या तिन्ही मीटरांत मुंगी आहे. तिन्हीची फुलाकडे पाठ आहे.

तुला वाटेल, माझं डोकं फिरलं. यांनाही वाटतं. त्यांनी भिंग घेऊन बघितलं आणि म्हणाले, "मुंगी कसली, गाठ आहे." पण भिंग खाली ठेवून त्यांनी पट्टी पुन्हा उजेडाला धरली.

ताई, लेकीच्या अंगावर मी कट्टी कशी घालू? गळ्याभोवती, मनगटांभोवती, पायांशी? डावरी गेली त्याच वयाची आहे ती. मांडीवर झगा घेऊन बसते, सुई टोचते आणि परत काढते. तीन आठवडे उरले आहेत. शेवटी ठरवलं आहे: तुझा चौथा मीटर येईल, तो उलटवून बघेन. त्यातही पाठ असेल, तर चारही पट्ट्या घडी घालून ठेवीन आणि बाजारातली मशीनची लेस लावीन. लेकीला काय सांगायचं ते सांगेन. तू वाईट वाटून घेऊ नकोस. काम तुझं अप्रतिम आहे. पण ते आपल्या दोघींसाठी आहे, तिच्यासाठी नाही.

तुला मुद्दाम आधी सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर तू मला बरं वाटावं म्हणून मुंगी वळवली असतीस. आता हे पत्र पोचेपर्यंत तुझी पट्टी निघालेली असेल.

भिंगरी


४ मार्च

भिंगरे,

तुझं उत्तर अजून आलेलं नाही. बारा दिवस वाट बघितली. रागावली असशील तर रागव, पण पट्टी अडकवून ठेवणं बरं नाही, म्हणून चौथा मीटर आज टाकते आहे.

हा सहज झाला नाही. अर्धा झाला आणि हात अडला. चार दिवस सुई उचलेना. लाँड्रीवाली म्हणाली, दवाखान्यात जाऊ. मी म्हटलं, थांब, हे दवाखान्याचं काम नाही. तुझं अकरा तारखेचं पत्र घेतलं, काठी टेकत मागे गेले आणि दुपारी तीन वाजता दगडाशेजारी पाट टाकून बसले. आवाज यायला लागला, अगदी माझ्या गुडघ्याशी. मी पत्र मोठ्याने वाचलं, पहिल्या ओळीपासून. तू गरम इस्त्रीकडे पाठ करून उभी होतीस तिथपर्यंत आले तेव्हा आवाज थांबला. तू दोन बोटं पुढे केलीस, तेही वाचलं. मग माझं सांगितलं. "घास" म्हणाले होते ते. आणि म्हटलं, आता ऊठ, बाई. डाग नव्हताच तुझा. तू ऊठ.

वेड्यासारखी रडले. लाँड्रीवालीने येऊन उठवलं. त्या दिवसापासून दगड कोरडा आहे. बाकीची पट्टी दोन दिवसांत झाली, आणि हात पहिल्यासारखा धावत नव्हता, सावकाश चालत होता.

एक विचारायचं राहिलं. आज इस्त्रीनंतर लाँड्रीवाली घडी घालत होती, तिने पट्टी उजेडाला धरली आणि म्हणाली, "बाई, हे मागे काय काढलंय?" शेवटच्या फुलामागे काहीतरी बारीकसं आहे. मी तसलं काही काढलेलं नाही. मला तर दिसतही नव्हतं, तिने माझं बोट धरून त्यावर फिरवलं तेव्हा टाके लागले. ती म्हणते, मुंगी आहे. मी म्हटलं, काप, शेवटाला धागे गुंतले असतील. ती कात्री घेऊन वाकली आणि थांबली. म्हणाली, "राहू दे हो. किती छान बसली आहे, फुलात तोंड घालून."

म्हणून राहू दिली. तुला नको असेल तर तू काप.

ताई